अकोल्याला माहीत, अमरावतीला नाही

रत्ना,

मिलिंदभाऊंचा फोन आला तेव्हा मी तुझ्याच स्लाइडवर होते. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या डाव्या फुफ्फुसाचा काप, हाताशी निवलेला चहा, आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला, कारण डोळा उचलला की जागा हरवते. ते म्हणाले, "वंदनाताई, रत्ना गेली." मी विचारलं, कुठे गेली? खरंच विचारलं गं. तू नेहमीच कुठे ना कुठे गेलेली असायचीस, मूर्तिजापूरला भाचीकडे, नाहीतर नागपूरला रसायनांच्या मागे. नवरा फोन करून तू गेल्याचं सांगतो म्हणजे गाडी चुकली असेल, तुला घ्यायला मला बडनेरा स्टेशनवर जावं लागेल, इतकंच डोक्यात आलं. पलीकडे मागे बाया रडत होत्या. तेव्हा कळलं.

पुढचं ऐकलंस तर हसशील. फोन ठेवून मी पुन्हा डोळा लावला आणि त्या स्लाइडला मार्क दिले. श्वासनळीभोवती पांढऱ्या पेशींचं कडं, दोन-तीन थरांचं, बाकीची जाळी मोकळी, हवा खेळती. शून्य म्हणजे निरोगी आणि चार म्हणजे फुफ्फुस म्हणून ओळखूच न येणारं, या आपल्या मापात ते दोन होतं. मी दोन लिहिले. आकडा चांगला घोटून लिहिला. मग पुढची काच उचलली आणि ती हातात धरून बसून राहिले. वर्गातल्या पोट्ट्या दारात येऊन, मॅडम तास आहे, म्हणून सांगून गेल्या. मी हो म्हटलं आणि उठले नाही.

अकोल्याच्या गाडीत मी ठरवून टाकलं की तुझं हृदय बंद पडलं असणार. पन्नाशीतलं माणूस सकाळी असतं आणि दुपारी नसतं, ते हार्टनंच, असं आपण सगळेच धरून चालतो. समोरच्या बाया मुरमुऱ्याचा चिवडा खात होत्या. त्यातल्या एकीनं माझ्या हातावर थोडा ठेवला तो मी खाल्लासुद्धा. चव लागत होती. मला त्याचंच नवल वाटत होतं, की तू नाहीस आणि कांदा तिखट लागतोय.

तुझ्या घरी पोचले तेव्हा तुला पांढऱ्या कपड्यात खाली ठेवलं होतं, उशाशी मूर्तीपुढे मेणबत्ती, आणि बायांचं त्रिशरण चाललं होतं. तुझा चेहरा अगदी तुझ्यासारखा होता, म्हणजे कोणाला तरी 'मी म्हटलं नव्हतं काय' असं म्हणून गप्प बसल्यासारखा. मी रडले नाही. पर्स कुठे ठेवावी कळेना, म्हणून आतल्या खोलीत गेले. तुझ्या पलंगाच्या उजव्या बाजूला ते यंत्र होतं, हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, गुडघ्याएवढं. दवाखान्यातून घाईनं आणलेलं असतं तर मी समजले असते. पण त्याची वायर भिंतीच्या कडेकडेनं चिकटपट्टी लावून नेली होती, कोणाचा पाय अडकू नये म्हणून. पट्टीच्या कडांना धूळ धरली होती. नाकातली नळी अडकवायला पलंगाच्या दांडीला एक खिळा मारला होता, आणि त्या खिळ्याखालचा रंग घासून गेला होता. आम्ही खुणा बघून पोट भरणारी माणसं. सूज कालची की महिन्याची, हे कडा बघून सांगतो. ते यंत्र त्या घरात खूप दिवसांचं होतं.

मिलिंदभाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, दीड वर्ष झालं, ताई. फुफ्फुसाची जाळी आवळत जाणारा आजार. हवा आत जाते, पण रक्तात उतरत नाही. कशामुळं झाला ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. औषधावर बरं चाललं होतं. परवा ताप आला, काल संध्याकाळी भरती केलं आणि आज हे. मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं? ते खाली बघत म्हणाले, सगळ्यांना. शेजारच्यांना, तुझ्या बहिणीला, तुझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या रोशनीला, तुझ्या प्राण्यांच्या खोलीत पिंजरे धुणाऱ्या काकूंना. म्हणजे अकोल्यात मला सोडून कोण राहिलं होतं? तर मी अकोल्यात राहतच नाही.

अकोल्याला माहीत, अमरावतीला नाही. हे वाक्य तुझंच, आणि आपलं सगळं काम त्यावर उभं होतं.

जे हे वाचतील त्यांच्यासाठी थोडं सांगते, तू जांभई दे तोवर. उंदीर तुझ्याकडे, अकोल्याला. कोणाच्या नाकात सूज आणणारा थेंब टाकला, कोणाला साधं मिठाचं पाणी, कोणाला वर औषध दिलं, हे सगळं तिथे. शेवटी एकेकाचं उजवं फुफ्फुस थंड मिठाच्या पाण्यानं धुवायचं आणि त्या पाण्यात उतरलेल्या पेशी मोजायच्या. काहींचं फुफ्फुस ओलं तोलायचं, भट्टीत वाळवायचं, परत तोलायचं, म्हणजे त्यात किती पाणी भरलं होतं ते कळतं. हेही तुझ्याकडेच. डावं फुफ्फुस मात्र बरणीतून माझ्याकडे, अमरावतीला. मी मेणात बसवून त्याचे काप काढायचे, रंगवायचे आणि बघून मार्क द्यायचे. बरणीवर फक्त नंबर. कोणता नंबर आजारी, कोणता औषधाचा, कोणता निरोगी, ते मला माझं काम संपेस्तोवर सांगायचं नाही. कारण माहीत असलं की डोळा तेच शोधतो. काम चालू असताना आपल्या फोनवर उंदरांचं नाव निघायचं नाही. मग बोलायला उरायचं काय, तर कोथिंबीर भरलेली सांबारवडी, माझ्या पोराचं लग्न न जुळणं, तुझ्या नणदेचे गुडघे. लोकांना वाटायचं, दोघी एवढ्या शिकलेल्या आणि बघा काय बोलतात.

आणि सगळं झालं की तू यायचीस. डबल तोंडाच्या सूक्ष्मदर्शकाला दोघी समोरासमोर डोळे लावून बसायचो, ज्या काचांवर वाद असेल त्या परत बघायचो, आणि मग तू कोड उघडायचीस, म्हणजे कोणता नंबर कोणत्या गटाचा ते. तो आपला सण होता. तो झाला की गिला वडा, दही जास्त घालून, आणि बडनेऱ्याची गाडी.

त्या बरण्या तू कधी कुरियरनं पाठवल्या नाहीस. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून स्वतः आणायचीस. एकदा उन्हाळ्यात मूर्तिजापूरच्या पुढे बरणीचं झाकण सैल झालं आणि गाडीच्या डब्यात अवयव टिकवणाऱ्या फॉर्मलिनचा वास सुटला. शेजारची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, काय घेऊन चाल्ल्या बाई? तू शांतपणे सांगितलंस, माह्या सासूच्या गुडघ्याचं तेल हाय. ती बाई पुढच्या बाकावर जाऊन बसली आणि तुला खिडकी मिळाली. हे सांगताना तू इतकी हसायचीस की गोष्ट कधी पुरी व्हायची नाही. शेवट मला तोंडपाठ होता म्हणून बरं.

तुझ्या हाताचं एक काम मी वर्गात अजून सांगते. फुफ्फुस शरीरातून काढलं की मिटतं. तसंच द्रवात टाकलं तर त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात, आणि काचेखाली धडधाकट उंदीरही सुजलेला दिसतो. नवी पोरं हीच चूक करतात. निरोगी गटाला चार-चार मार्क पडतात, आणि मग औषधाला दोष देत बसतात. तू फॉर्मलिनची बाटली टेबलापासून बरोबर एक वीत उंच टांगायचीस, श्वासनळीतून हळूहळू सोडायचीस, फुफ्फुस आपल्या जिवंतपणीच्या आकाराला आलं की दोरा बांधायचीस. घाई नाही, जोर नाही. बाटली जास्त उंच केली तर जाळी फाटते. वरून म्हणायचीस, पोट्ट्यांचंही असंच हाय, थोडी हवा भरून ठेवा लागते, नाई तं चांगलं पोरगंही बिमार दिसते. मी एकटी पडले, शिकवून शिकवून कोरडी होत चालले होते, तेव्हा तू मला पहिली बरणी आणून दिलीस आणि म्हणालीस, हे पाहून दे, माह्यानं होत नाई. तुझ्यानं काय होत नव्हतं गं? ती बाटली तू माझ्यासाठीही एक वीत उंच टांगली होतीस. हे मी तुला कधी बोलले नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

आपल्यात भांडायची पद्धत होती. आणि भांडण एकच, वर्षानुवर्षं तेच. मी म्हणायची, मला इतकी वर्षं झाली, माझ्यापासून लपवायची गरज नाही. कोड आधी सांग, मी तरी तेच मार्क देईन. आणि माझ्याकडे पुरावाही होता. दर खेपेला तू मला न सांगता आधी वाचलेल्या काही काचा नव्या नंबरानं परत घुसडायचीस, वाचणाऱ्याचा डोळा ठिकाणावर आहे की नाही ते बघायला. हा आपल्या धंद्यातला रिवाजच आहे, पण तू तो पोलिसासारखा पाळायचीस. आणि दर खेपेला माझे आकडे जुळायचे. तू ते कबूल करायचीस आणि तरीही कोड द्यायची नाहीस. मी चिडायची. मी काय शिकाऊ आहे?

शेवटचं भांडण आठवतं? तू या हिवाळ्यात आली होतीस, ती तुझी शेवटची फेरी. माझी प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर तू थांबलीस. चप्पल चावते म्हणालीस. मी म्हटलं, चप्पल चावत नाही, वजन चावतं, जरा कमी खा. तू कठडा धरून हसलीस. मग आत येऊन बराच वेळ पाणी पीत बसलीस, घोटघोट, आणि मी तुला माझ्या नव्या रंगाच्या बाटल्या दाखवत राहिले. खाली गाडीवर गिला वडा खाताना मी पुन्हा तेच काढलं. तू प्लेट ठेवलीस आणि म्हणालीस, "तराजूले नातेवाईक नसते, वंदे. डोयाले असते. माह्या माणसाचं फुफ्फुस असन तं तू मार्क जास्तच लावशीन."

मी म्हटलं, लावणार नाही. तू म्हणालीस, लावशीन. आणि तुला ठसका लागला. मिरची लागली म्हणालीस. मी गाडीवाल्याला दही वाढवायला सांगितलं.

रत्ना, मी तेव्हा तुझ्या छातीपासून एका हातावर उभी होते. दुसऱ्यांच्या फुफ्फुसात तीन थर की दोन थर हे सांगणारी बाई, आणि माझ्यासमोर तुझा श्वास अपुरा पडत होता. आता एकेक आठवतं. फोन कमी करून तू मेसेज लिहायला लागलीस, म्हणे आजकाल बोलायचा कंटाळा येतो. संत्री आणायला बाजारात यायची नाहीस, मला पाठवायचीस. बरण्या रोशनीच्या हातून यायला लागल्या, आणि मी म्हटलं, मॅडम मोठ्या झाल्या, पीएचडीच्या पोट्टीला हमाल केलं. त्यावर तू हसणारं तोंड पाठवलंस. किती सफाईनं केलंस गं सगळं. एकही नंबर उघडा राहू दिला नाहीस.

त्या दिवशी मिलिंदभाऊंवर मी ओरडलेच. मयताच्या घरी, तुझ्या पलंगाशी उभी राहून. तुम्ही का नाही सांगितलं? एक फोन. मी रोज फोनवर असते, तुम्हाला माझा नंबर माहीत नाही? बिचाऱ्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मी सांगणारच होतो, ताई. तिनं शपथ घातली. म्हणे, वंदीले माहीत पडलं तं ती मले पाहणार नाई. माही छातीच पाहीन."

म्हणजे मला कोड लावलास. दीड वर्ष मी तुझ्याशी सांबारवडीचं बोलत होते, नणदेच्या गुडघ्यांवर हसत होते, आणि तू पलीकडे नाकातली नळी काढून ठेवून फोन घेत होतीस. तुला वाटलं, हिची नजर आहे तशी राहू दे. एकीनं तरी आपल्याला आजारी न समजता पाहावं. मला हे कळतं. रागाच्या भरातही कळतं. पण मला विचारलं का नाहीस? उंदरांना विचारत नाही आपण, मला विचारता आलं असतं.

तुला नेलं तेव्हा मी पायरीवर उभी होते. कोणीतरी हातात पाण्याचा पेला दिला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. मूर्तिजापूर आलं तसं मला तुझं ते तेल आठवलं आणि मी मोठ्यानं हसले. समोरच्या माणसानं पेपर खाली केला. मग मी बडनेऱ्यापर्यंत रडत आले.

तिसऱ्या दिवशी कामावर गेले. घरी बसून करायचं काय होतं? तुझी शेवटची बरण्यांची खेप अर्धी वाचून झाली होती, अर्धी बाकी होती. रोशनीचा फोन आला, तिचा प्रबंध यावरच अडलेला. रडून झाल्यावर ती चाचरत म्हणाली की मॅडम, आता तुम्ही म्हणाल तर कोड सांगून टाकते, लवकर आटपेल, आता विचारणारं कोण आहे. मी तिला म्हटलं, विचारणारी अजून आहे, तू ठेव फोन. तिला बरं वाटलं असावं. अकोल्याची पोरगी, तुझ्या हाताखालची.

आणि मी वाचायला बसले. पहिली काच तीन. दुसरी तीन. तिसरी चार. भिंती जाड, जाळी आवळलेली, हवेला जागा नाही. मी म्हटलं हा आजारी गट आला असेल सलग. दुसऱ्या दिवशीही तेच. जिथे बघावं तिथे गुलाबी रंग दाटलेला, निळे ठिपके खच्चून भरलेले. एका काचेवर मी इतका वेळ थांबले की डोळ्यातून पाणी आलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्या उंदराला श्वास घेता येत असेल का याचा विचार करतेय. ते माझं काम नाही. माझं काम थर मोजायचं. मी दिवा बंद केला आणि उठून खिडकीशी गेले.

मी रोशनीला फोन केला. म्हटलं, मी आधी वाचलेल्या काचांतल्या थोड्या काढ, त्यांना नवे नंबर लाव आणि उरलेल्यांत मिसळून टाक. किती, कोणत्या, मला सांगू नको. तुझ्या मॅडम करायच्या तसं. ती म्हणाली, काहून मॅडम, तुमचं तं नेहमी जुळते. मी म्हटलं, तू कर. ती सकाळच्या गाडीनं आली, काचा घेऊन दुसऱ्या खोलीत बसली, आणि संध्याकाळी पेटी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

मी सगळ्या वाचल्या. हळू वाचल्या, जशा आपण परीक्षेला बसतो तशा. मनात दर काचेला म्हणत होते, तू रत्ना नाहीस, तू उंदीर आहेस. तुझ्याशी वाद होता ना माझा. मला जिंकायचा होता. तू नसताना का होईना, तुझ्या माघारी का होईना, मला तुला दाखवायचं होतं की माझा डोळा बदलत नाही, आणि म्हणून तू मला सांगायला हवं होतंस. मी बरोबर निघाले असते तर तुझं दीड वर्षाचं लपवणं फुकट ठरलं असतं, आणि मला तुझ्यावर आयुष्यभर रागावता आलं असतं. ते मला हवं होतं. रागाला धरून राहणं सोपं असतं.

आकडे मी रोशनीला पाठवले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अकोल्याला आले तेव्हा ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. बाहेर पंगत बसत होती, पातेल्यांचा आवाज चालला होता. ती माझ्याकडे न बघता, ओट्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, जवळपास सगळ्या वर गेल्या. खाली एकही नाई आली."

मग तिनं मला एकेक सांगितलं. जिथे आधी एक होता तिथे दोन. दोनाच्या जागी तीन. सारखे राहिले ते थोडेच. आणि वर गेलेल्यांत ती काच होती, रत्ना. मिलिंदभाऊंचा फोन आला तेव्हाची. तू गेलीस हे कानात असताना मी तिला दोन दिले होते, आणि दोनच बरोबर होते. मरण ऐकूनही माझा डोळा हलला नव्हता. तो हलला ते यंत्र पाहिल्यावर, तुला काय झालं होतं हे कळल्यावर. त्याच काचेला आता मी तीन दिले.

मी तिथे ओट्याला टेकून उभी राहिले. रोशनीला वाटलं मला चक्कर येतेय, तिनं खुर्ची ओढली. मला चक्कर नव्हती येत. मी हरले होते, आणि हरल्याचं जिला सांगायचं ती बाहेरच्या खोलीत फोटोत बसली होती, तोच चेहरा करून. मी म्हटलं नव्हतं काय.

म्हटलं होतंस. तर ऐक आता. ती पूर्ण खेप मी नागपूरच्या एका बाईंकडे पाठवून दिली. त्या तुला ओळखत नाहीत, तुझं नावही त्यांनी कधी ऐकलेलं नाही. रोशनीचा प्रबंध लांबेल. ती म्हणाली, चालन मॅडम, आमच्या मॅडमनंही हेच केलं असतं. माझे आकडे मी खोडले नाहीत, पण त्यांवर कोणी काही ठरवू नये असं लिहून सही केली. कोड उघडेल तेव्हा तू नसशील आणि मीही नसेन, रोशनी आणि ती परकी बाई तो उघडतील. औषधाचा उपयोग झाला की नाही ते कळेल. तुला वाटायचं होईल, मला वाटायचं नाही, आणि खरं सांगू, आता मला काही वाटत नाही.

मी हरले हे मान्य. तुझं सगळं बरोबर निघालं. मला माहीत पडलं असतं तर मी तुझी छातीच पाहिली असती. तू जिना चढताना मी पायऱ्या मोजल्या असत्या. तू हसलीस की मला ठसका ऐकू आला असता. तुझ्या दोनाचे मी रोज तीन केले असते, आणि तिनाचे चार, आणि तुला त्या नजरेचा वीट आला असता. सांबारवडीचं बोलणं राहिलं नसतं. हे सगळं खरं, आणि ते मी आता माझ्याच आकड्यांनी सिद्ध करून बसले आहे.

पण आपल्या नियमाचा दुसरा भाग तू विसरलीस. अमरावतीला माहीत नाही, हे काम चालू असेतोवर. शेवटी तू गाडीत बसून येतेस, समोरच्या स्टुलावर बसतेस, आपण दोघी एकाच काचेला डोळे लावतो, आणि तू सांगतेस. लपवायचं ते शेवटी सांगण्यासाठी. तू तेवढं केलं नाहीस. आदल्या संध्याकाळी भरती व्हायच्या आधी एक फोन केला असतास, तर मी मिळेल त्या गाडीनं आले असते.

कालपासून त्या डबल तोंडाच्या सूक्ष्मदर्शकावर मी कापड टाकून ठेवलं आहे. तुझ्या बाजूचं स्टूल पोट्ट्यांनी दुसऱ्या टेबलाशी नेलं होतं, ते परत आणवलं. त्यावर कोणी बसत नाही. आपण भांडायचो आपल्या बोलीत, मग शेवटचंही तिच्यातच सांगते, कारण शुद्ध भाषेत मला तुझ्याशी कधी खरं बोलताच आलं नाही. तू बरोबर होती, रत्ने. मी तुले चुकीचंच पाहिलं असतं. पण पाहिलं तं असतं न वं.